एक नंबरची ओळ

जगातलं सगळ्यात भारी हेवी मेटल गाणं कोणतं, यावर आम्ही चौघे मित्र तीसेक वर्षं भांडलो. शेवटची पाच-सहा वर्षं दोघंच. आणि शेवटी मी जिंकलो. ही बातमी ज्याला सांगावी असा माणूस आता राहिला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

वरळीच्या बीडीडी चाळीत मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. आमच्या समोरच्या खोलीत तो राहायचा. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, आणि तो मोठेपणा त्याने जन्मभर गाजवला. दारं दिवसभर उघडी असायची. त्यांच्याकडे कोणी दोनदा शिंकलं की माझी आई ओव्याची पुडी घेऊन उभी. तिथे एकटं वाटायची सोयच नव्हती. उलट जरा एकटं बसता यावं म्हणून आम्ही गच्चीवर पळायचो.

मेटल आमच्याकडे आलं ते वरच्या मजल्यावरच्या दोस्तामुळे. त्याचा मामा जहाजावर होता, आणि येताना तो चॉकलेटं, सेंटच्या बाटल्या आणि कॅसेटी आणायचा. चॉकलेटं नातेवाइकांनी लाटली, सेंट मामीने. कॅसेटींना कोणी हात लावला नाही, त्या आमच्या वाट्याला आल्या. त्यातली एक मी घरी नेली आणि वडिलांच्या हाती सापडलो. वडील मंडळाचे जुने कार्यकर्ते. कपाटावर बुद्धाची मूर्ती, तिच्याशेजारी मंडळाची पावती पुस्तकं, असं आमचं घर. त्यांनी कव्हरवरचं शिंगवालं चित्र उजेडात धरून बघितलं.

"हा कोण?"

"सैतान," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "आपण देव सोडले. सगळेच्या सगळे सोडले. आणि तू हा कुठून उचलून आणलास? देवच नाही तर सैतान कशाला लागतो?"

कॅसेट मात्र त्यांनी परत दिली.

त्या दिवसापासून गाण्यांची मूळ नावं घरात घ्यायची नाहीत असं आम्ही ठरवलं आणि प्रत्येक गाण्याला चाळीतलं नाव दिलं. एकाचं नाव 'भांडण', कारण त्यात दोन गिटारी एकमेकींना बोलूच देत नाहीत. एकाचं 'गिरणी'. एकाचं 'आत्याचं येणं', ते का, हे आत्याला ओळखणाऱ्यालाच कळेल. माझं लाडकं होतं 'नळ'. सकाळी चाळीच्या नळाला पाणी येतं तसंच ते सुरू होतं. आधी एकेक थेंब, मग नुसती हवा, मग पुन्हा थेंब, आणि साडेतीन मिनिटांनी असं धो धो कोसळतं की बादली धरणाऱ्याने मागे सरकावं. समोरच्याचं लाडकं 'जिना'. तीन मिनिटांचं गाणं. जाड बूट घातलेला कोणीतरी लाकडी जिना धाडधाड उतरतोय आणि थांबत नाही, इतकंच.

आता हा वाद का पेटला ते सांगायला हवं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी मंडळाचे स्पीकर यायचे. मैदानात दोन्ही बाजूंना थप्पी लागायची आणि भर दुपारी साउंडवाला बेस तपासायला बसायचा. त्याला काहीतरी दणदणीत वाजवून बघायला लागायचं आणि आमच्याकडे ते होतं. वर्षातून एकदा, एकच गाणं, चेकिंगच्या नावाखाली. त्या पाच मिनिटांत आमच्या छातीच्या फासळ्या वाजायच्या. तळमजल्यावरची एक काकू दर वर्षी खिडकीतून ओरडायची, "स्पीकर फाटला का रे?" आणि साउंडवाला गंभीर तोंडाने सांगायचा, "नाय काकू, सगळं बरोबर वाजतंय."

गाणं एकच, मग कोणतं? त्यासाठी जयंतीच्या आधीच्या रविवारी दुपारी आम्ही गच्चीवर बसून यादी करायचो. लांब वही होती, कापडी पुठ्ठ्याची. दहा ओळी, दहा गाणी. नियम एकच होता, मतदान करायचं नाही, एकमत व्हायला पाहिजे. कारण मतदानाने काय होतं ते आम्ही बघितलेलं. वडिलांच्या मंडळात एकदा मिरवणुकीच्या रस्त्यावर मतदान झालं आणि मंडळाची दोन मंडळं झाली, ती अजून दोनच आहेत. म्हणून आमच्यात सगळ्यांनी मान्य केलं तरच गाणं ओळीवर चढायचं आणि खाली चौघांच्या सह्या व्हायच्या. दोन ते दहा पटापट भरायच्या. एक नंबरवर मी 'नळ' म्हणायचो, तो 'जिना' म्हणायचा, आणि दोघांपैकी कोणी हटायचं नाही. ओळ कोरी राहायची आणि स्पीकरवर दोन नंबरचं गाणं लागायचं. दर वर्षी. याचा अर्थ असा की त्या स्पीकरवर 'नळ' कधी वाजला नाही आणि 'जिना'ही वाजला नाही. दोघांच्याही हट्टापायी. बाकीचे दोघं आम्हाला शिव्या घालायचे, त्या योग्यच होत्या.

त्याचं म्हणणं सोपं होतं. "गाणं सुरू झालं म्हणजे सुरू झालं पाहिजे. तुझ्या नळाला पाणी येईपर्यंत माणूस कामावर जाऊन परत येईल."

माझं म्हणणं लांब होतं, मी लांब बोलतो. वाट बघायला लावल्याशिवाय कोसळण्याला अर्थ नाही, असं मी सांगायचो. आणि माझा हुकमाचा पत्ता सहाव्या मिनिटाला होता. सगळा कल्लोळ चाललेला असताना ड्रमवाला पितळी थाळीच्या मधल्या उंचवट्यावर काठीचं टोक मारतो. एकदाच. टिंग. इतक्या गोंगाटात तेवढा एक बारीक, स्वच्छ आवाज. माझ्या मते त्या टिंगेवर अख्खं मेटल उभं आहे. तो म्हणायचा, "टिंग चांगली आहे. पण एका टिंगेसाठी आठ मिनिटं द्यायला मी काय रिकामटेकडा आहे?"

पुढे जे सगळ्यांचं होतं ते आमचं झालं. आमच्यातला चौथा कॅनडाला गेला. काही वर्षं तो व्हिडिओ कॉलवर यायचा, पण तिकडे सकाळ असायची, अर्ध्या झोपेत तो सगळ्यालाच हो म्हणायचा. हो म्हणणारा माणूस वादात काय कामाचा? मामावाला कल्याणला गेला. दोन वर्षं आला, मग मुलीचे क्लास आले, मग गुडघा. चाळ पाडायची ठरली आणि खोल्या रिकाम्या झाल्या. समोरचा मानखुर्दला गेला. मी करी रोडला भाड्याने राहायला आलो, अकराव्या मजल्यावर. आई त्याआधीच गेली होती. लग्न मी केलं नाही, म्हणजे झालं नाही. दोन्हीतलं खरं काय ते ठरवायला आता उशीर झाला आहे.

या इमारतीत एका मजल्यावर सहा दारं आहेत आणि सहाही बंद. लिफ्टमध्ये लोक आकडे बघत उभे राहतात. सुरुवातीला मी दार उघडं ठेवून बसायचो, सवयीने. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं, "काका, लॉक बिघडलंय का?" मग मीही लावून घ्यायला लागलो. रविवारी कधी कधी संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही, आणि पहिला शब्द बोललो की आवाज घोगरा येतो. हे मी कोणाला सांगत नाही. वर्षभरात एक दिवस असा होता की कोणीतरी माझ्याकडे खास भांडायला यायचं. मानखुर्दहून, उन्हात, दोन गाड्या बदलून. त्या रविवारी मी सकाळी उठून लादी पुसायचो.

माझी नोकरी परळच्या एका हॉस्पिटलात, कानाच्या तपासणीची. पेशंटला बंद केबिनमध्ये बसवायचं, हेडफोन लावायचे, बाहेरून वेगवेगळे आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मग कागदावर खुणा करायच्या, उजव्या कानाचे लाल गोळे, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. पंचवीस वर्षं हेच करतो आहे. हेवी मेटल ऐकणारा माणूस लोकांचे कान तपासतो, यावर समोरच्याने जितके विनोद केले तितके कोणीच केले नसतील.

त्याचं काम रे रोडला, लोखंडी पत्रे कापायच्या वर्कशॉपमध्ये. कानात कापसाचा बोळा घालायचं मी त्याला किती वर्षं सांगत होतो. "बोळा घातला तर फोरमनच्या शिव्या कशा ऐकणार?" हे त्याचं उत्तर.

तर शेवटच्या तीन-चार वर्षांत त्याने एक नवीनच खोडी काढली. टिंग नाहीच, म्हणायला लागला. मी गाणं लावायचो, सहावं मिनिट यायचं, मी बोट वर करायचो, आणि तो मख्ख चेहऱ्याने म्हणायचा, "कुठाय?" आधी मला हसू आलं. मग राग. तीस वर्षं मान्य केलेली गोष्ट हा माणूस केवळ मला खिजवायला नाकारतोय असं वाटलं. एका वर्षी तर मी चहाचा कप आपटला. तो जाताना म्हणाला, "तुझे कान वाजतात, साल्या. स्वतःचे तपास आधी." एवढं बोलून निघून गेला, आणि मला आठवडाभर बरं वाटत राहिलं. भांडण चांगलं झालं होतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. जयंतीला अजून दोनेक महिने होते. त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा टीव्ही एवढा मोठा लावतात की खालचे लोक तक्रार करतात. तुम्ही बघा ना." मी बोलावलं. आला, कुरकुरत. केबिनमध्ये बसला, हेडफोन लावले, आणि काचेतून माझ्याकडे बघून दोन बोटांची शिंगं केली. मीही केली. बाहेरच्या बाकावरचे पेशंट बघत राहिले.

मी आवाज सोडायला लागलो. तो बटण दाबत गेला, अगदी पटापट, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो माझा हात बघतोय. माझं बोट हललं की तो दाबत होता. ही चलाखी मला रोज दिसते. लहान पोरं करतात, नोकरीच्या मेडिकलला आलेले करतात. मी खुर्ची फिरवून पाठ केली. त्यानंतर बारीक आवाजांना त्याच्या बटणाचा दिवा मशीनवर लागेना. जाड आवाजांपर्यंत रेघ ठीक होती, मग उताराला लागली आणि बारीक आवाजांपाशी पार तळाला गेली. दोन्ही कान सारखेच. हे एका वर्षात होत नाही. माझ्या अंदाजाने सात-आठ वर्षं तरी लागली असावीत.

डॉक्टरांनी त्याला कानाला मशीन लावायला सांगितलं. तो म्हणाला, बघू. मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं होतं, आणि त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी एक उकळी फुटत होती. टिंग होती. माझे कान ठीक होते. तो खोडी काढत नव्हता, त्याला ऐकूच येत नव्हतं.

ही उकळी मी दोन महिने दाबून ठेवली. जयंतीच्या आधीच्या रविवारी तो आला. मशीन लावलं नव्हतं. खिमा-पाव खाल्ला, वही उघडली, दोन ते दहा भरल्या. मग त्याने पाय पसरले आणि नेहमीचं सुरू केलं. नळाला पाणी नाही, टिंग नाही, माझ्या डोक्यात भुसा आहे वगैरे. मी ऐकून घ्यायला हवं होतं. मी काय केलं तर खिशातून लाल आणि निळं पेन काढलं, वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा आलेख काढला, लाल गोळे, निळ्या फुल्या, एकूण एक खूण मला पाठ होती, आणि सहाव्या मिनिटातला तो आवाज जिथे येतो तिथे एक आडवी रेघ मारली. त्याच्या खुणा तिच्या कितीतरी खाली होत्या.

"हे बघ," मी म्हणालो. "ही टिंग. हे तुझे कान. तू सात-आठ वर्षं गाणं न ऐकताच भांडतोयस."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही पेशंटशी अशा तोऱ्यात बोललेलो नाही. पार बहिऱ्या झालेल्या म्हातारीला सुद्धा मी हळू सांगतो, हात धरून सांगतो. आणि ज्याच्याशी हळू बोलायला हवं होतं त्याला मी कोर्टात उभं केलं.

त्याने त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे आहे ती," तो म्हणाला.

"आहे."

"मला वाटलं, तू येडा बनवतोयस मला." त्याने वही पुढे ओढली. "लिही मग. नळ."

"अरे..."

"लिही रे. एकमत झालं."

मी लिहिलं. अक्षर जरा जास्तच वळणदार आलं. त्याने खाली सही केली. मी विचारलं, "लावू का एकदा?" तो म्हणाला, "नको." तांब्यातलं पाणी प्यायला, चपला घातल्या, लिफ्ट येईपर्यंत आकडे बघत उभा राहिला आणि गेला. चार वाजायचे होते. एरवी तो सात वाजेपर्यंत हलायचा नाही.

मी पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कॅनडातून अंगठा आला. कल्याणहून दोन दिवसांनी 'अभिनंदन' आलं, फुलांच्या चित्रासकट. दोन दिवस मी खूश होतो हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून येताना मनात आलं, त्याला फोन करून चिडवावं. आणि कशावरून चिडवायचं ते सुचेना. सगळं तर संपलं होतं. तेव्हा कुठे माझ्या मंद डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं ती ओळ कोरी होती म्हणून तो येत होता. तीच मी भरून बसलो.

नंतर मी फोन केले. मुलीने उचलले. बाबा झोपलेत, बाबा बाहेर गेलेत, सांगते हं काका. तिने सांगितलंही असेल. दिवाळीत त्याचा मेसेज आला, सगळ्यांना एकत्र पाठवतात तसला. मी नळ बऱ्याचदा लावला. टिंग येते, अजूनही लख्ख येते, आणि ती आली की मी एकटाच बोट वर करतो.

या वर्षी जयंतीच्या आधीच्या रविवारी मी लादी पुसली. खिमा केला. वही काढली, एक नंबरच्या ओळीवर पट्टी ठेवून आडव्या चार रेघा मारल्या आणि बाजूला लिहिलं, रद्द. तीन वाजेपर्यंत वाट बघितली. मग फोन लावला. या वेळी त्याने स्वतः उचलला.

"ऐकू येतंय का?" मी मोठ्याने विचारलं.

"ओरडू नको, क्लिअर येतंय. मशीन लावलंय ना. पोरीने ऐकलं नाही."

"मग ये. मी एक नंबर खोडलाय. गेल्या वर्षीचं धरायचं नाही. जिना परत उभा आहे."

तो हसला. "राहू दे रे. तुझं बरोबर होतं."

"बरोबर कसलं? साडेतीन मिनिटं पाणी येत नाही नळाला. तूच म्हणायचास."

"म्हणायचो. पण चांगलं गाणं आहे ते. दोन्ही चांगली आहेत."

दोन्ही चांगली आहेत. गच्चीवर हे वाक्य कोणी बोललं असतं तर त्याला आम्ही खाली पाठवलं असतं. मी शेवटचा दगड मारून बघितला. म्हणालो, "तुला मेटलमधलं कधी काही कळलंच नाही. पत्रे कापणारा तू." आणि फोन कानाला घट्ट धरला, की आता येईल एक सणसणीत शिवी, आईवरून, माझ्या डोक्यावरून, कशावरूनही.

"हो रे," तो म्हणाला. "नाहीच कळलं बहुतेक." मागे त्याची नात काहीतरी मागत होती. तो तिला थांब म्हणाला, आणि मग मला विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो," मी म्हणालो. जेवलो नव्हतो.

"वेळेवर जेवत जा. एकटा असतोस. काळजी घे."

आणि त्याने फोन ठेवला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी इतकं चांगलं कधी बोलला नव्हता.